लग्नातला ढोल

माझी थोरली मुलगी २००९ साली बारावी झाली. पुढच्या प्रवेशाला जातपडताळणीचा दाखला लागणार होता, म्हणून तिनं तालुक्याहून कागद आणले. अर्ज, प्रतिज्ञापत्र, माझा आणि माझ्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला (बाप शाळेत गेलाच नव्हता, तो वेगळाच घोळ), आणि त्याबरोबर एक प्रश्नावली. तुमच्या देवदेवता कोणत्या, कुळं कोणती, मयताला काय करतात, लग्न कोण लावतं. त्यातच एक रकाना होता, लग्नप्रसंगीचं पारंपरिक नृत्य कोणतं.

पोरीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'तारपा नृत्य'.

मी म्हटलं, "हे खोड."

"का? सगळे तेच लिहितात, बाबा. झेरॉक्सवाला पण म्हणाला, वारली म्हटलं की तारपा लिहा."

"लग्नात तारपा नसतो. ढोल असतो."

"तू लिही मग," असं म्हणून तिनं कागद माझ्याकडं सरकवला. आमच्या बोलीत बापाला 'तू'च म्हणतात, त्यात राग नव्हता. पण डोळ्यांत भीती होती. कुठल्याशा टेबलामागचा माणूस हा कागद वाचणार, त्याला तारपा ठाऊक असणार आणि ढोल ठाऊक नसणार, आणि एका शब्दावरून तिचं वर्ष जाणार. मी शिक्षक माणूस, आयुष्यभर पोरांचे चुकीचे शब्द लाल पेनानं दुरुस्त केलेले. पण तो कागद दोन दिवस तसाच पडून राहिला, माझ्या हातून काही लिहून होईना.

आता तारपा म्हणजे काय ते सांगतो. वाळलेल्या लांबोड्या भोपळ्यात दोन बांबूच्या नळ्या मेणानं बसवलेल्या असतात, पुढं ताडाच्या पानाचा कर्णा गुंडाळलेला. वाजवणारा गाल फुगवून नाकानं श्वास घेत राहतो, सूर तुटू देत नाही. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात, एकमेकांच्या कमरेला हात घालून, आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. तारपावाला वळला की अख्खा फेर वळतो. पुढचा माणूस घुंगरांची काठी जमिनीवर आपटून पाय बदलायची खूण देतो. रात्रभर चालतं. पण हे कधी, तर नवं भात डोलायला लागलं की, दिवाळीपर्यंत. भात आल्याचा, कणसरीचा तो नाच. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावर म्हातारा तारपावाला तारपा कुडाला टांगून ठेवी, आणि पुढच्या भातापर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. पोरांनी फुंकून बघितला तर फटके बसत.

लग्नं त्यानंतर, भात घरात आल्यावर, उन्हाळ्यात. लग्नाचा म्हणून ढोल वेगळा, त्याची चाल वेगळी. त्यात फेराची ती गोल शिस्त नाही. रांगा होतात, मोडतात, पुन्हा होतात. म्हाताऱ्या बायका पुढं घुसतात. आणि कोणीतरी नवऱ्याला उचलतो, कोणीतरी नवरीला, खांद्यावर नाहीतर कमरेवर घेऊन नाचवतो. दमला की दुसऱ्याच्या अंगावर देतो. नवरानवरी म्हणजे जणू पाड्याचं सामाईक ओझं. सगळ्यांनी थोडं थोडं वाहायचं.

आणि लग्न लावणारी बाई असते, धवलेरी. आमच्यात लग्नाला भटजी लागत नाही. धवलेरी गाते आणि त्या गाण्यानंच लग्न लागतं. तिची गाणी चुकली तर लग्न चुकलं. घरातल्या सवासिनी गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. मध्ये पालघट देवी, बाजूला पाच शिरांचा देव घोड्यावर, मग बाशिंगं, फणी, शिडी, चंद्र-सूर्य. हे सगळं मी प्रश्नावलीत एका ओळीच्या जागेत लिहायचं होतं.

पण माझा हात अडला तो याच्यामुळं नाही. तो अडला माझ्या आजाच्या लग्नामुळं.

माझा बाप त्याच्या आईबापाच्या लग्नात नाचला आहे. वाचणारा दचकेल, म्हणून परत लिहितो. आजा-आजीचं लग्न झालं तेव्हा माझा बाप सात-आठ वर्षांचा होता आणि मांडवात ढोलापुढं नाचत होता. वारल्यांत ही काही नवलाची गोष्ट नव्हती. दोघांचं जमलं, दोन्हीकडच्यांना पटलं की एकत्र राहायला लागायचं. पोरं व्हायची. लग्न पैसा हाताशी येईल तेव्हा. एकाच मांडवात बापाचं आणि पोराचं लग्न लागल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. अशा जोडप्याला कोणी नावं ठेवत नसे, फक्त "लगीन राहिलंय" म्हणत. घराचं छप्पर शाकारायचं राहिलंय म्हणतात तसं.

आजाचं लग्न का राहिलं, त्याला कारण होतं. त्याचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही मोठा आजा म्हणायचो, त्यानं त्याचं लग्न वेळेवर केलं होतं. देज द्यायचं, वऱ्हाडाला भात घालायचा, ताडी, नवरीचं लुगडं, ढोलवाल्यांचं. त्यासाठी त्यानं मालकाकडून पैसे घेतले. किती घेतले ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कागद मालकाकडं आणि अंगठा याचा. तीन रात्री ढोल वाजला. चौथ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दोघं मालकाच्या पडवीत जाऊन उभे राहिले, ते तिथलेच झाले. असा माणूस म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी काढलेल्या कर्जात तो स्वतः गहाण पडायचा, आणि त्याच्याबरोबर बायकोही. तो नांगर धरणार, गवत कापणार, मालकाची गाडी हाकणार. ती शेण काढणार, दळणार, पाणी भरणार. बायकांना तिथं आणखी काय काय सोसावं लागलं ते मोठ्या आजीनं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलं नाही. दिवसाला पोटापुरतं धान्य मिळे, ते मजुरी म्हणून नाही, उद्या कामाला उभं राहावं म्हणून. कर्ज फिटायचं नाही. फिटू नये अशीच त्याची रीत होती. बाप मेला की पोरगा त्याच जागी.

हे नुसतं आमच्या घरचं रडगाणं नाही. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला, त्यात लग्नाच्या कर्जातून आलेली ही गुलामी नोंदवलेली आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक तर सगळ्यांना माहीत आहे. १९७० साली ते आलं, पुढं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते डीएडला असताना वाचलं. वाचताना लग्नगड्याचं पान आलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या आजाला छापील नाव आहे. तोवर मला वाटायचं, तो आमच्याच घरातला एक वेंधळा माणूस, ज्याला कर्ज फेडता आलं नाही.

तर हे सगळं बघून धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या आजानं, ठरवलं की आपण लग्न करायचंच नाही. आजीला घरी आणली, चार माणसांना ताडी पाजली, संसार सुरू केला. ढोल नको, चौक नको, धवलेरी नको. बाप झाला, आत्या झाली. आजी कुणाच्या लग्नाला गेली की रात्री परत येऊन गप्प बसायची, एवढं बाबा सांगतो.

मग १९४५ साल आलं. २३ मे रोजी झरी गावाला वारल्यांची परिषद भरली. झरी आता तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर यांनी ती भरवली होती. आजा चालत गेला होता. तो सांगायचा, "लोकां मोजता नाय येत हुती. आन मोजाया येत हुता कोनाला?" वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम नाही, आणि लग्नगड्यांनी मालकाचं घर सोडायचं, असं तिथं ठरलं. नंतर लाल बावट्याची पोरं पाड्यापाड्यावर फिरून लग्नगड्यांना उठवून आणू लागली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. त्यांची नावं आमच्या भागात अजून घेतात.

मोठा आजा त्याच पावसाळ्यानंतर घरी आला. कसा आला, यावर घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतो पोरं घेऊन आली. आत्या म्हणते तो आपणच रात्री उठून चालत आला आणि दोन दिवस माळ्यावर लपून राहिला. मला आत्याचं खरं वाटतं. इतक्या वर्षांची भीती एका घोषणेनं जाते असं मला तरी वाटत नाही.

त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या वर्षी आजा-आजीचं लग्न झालं. भात घरचा. ताडी घरच्या झाडांची. ढोलवाले आजीच्या माहेरचे, त्यांना तांदूळ दिला. लुगडं तेवढं बाजारातून आणलं, तेही गवत कापायच्या मजुरीतून. सावकाराचा छदाम नाही. सवासिनींनी चौक काढला, धवलेरी आली. आणि ढोल सुरू झाला तेव्हा मोठा आजा, जो घरी आल्यापासून कोणाशी फार बोलत नसे, उठला आणि त्यानं भावाला खांद्यावर घेतलं. स्वतःच्या लग्नानंतर तो पहिल्यांदाच नाचत होता. बाबा सांगतो, "एक येळ बाहास त्याच्या खांद्यावर, एक येळ मी." दुसऱ्या रात्री त्याचे पाय सुजले तरी तो बसला नाही. आजीला एवढी मोठी झालेली बघून बायका हसत होत्या, तीही हसत होती, कडेवर माझी आत्या.

लग्नातला ढोल म्हटलं की माझ्यापुढं हे येतं. मी ते पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं झालंय.

आणि याची मला पुष्कळ वर्षं लाज वाटत होती, हेही लिहिलं पाहिजे. मी निवासी शाळेत होतो. पाचवीत गुरुजींनी घरातली एखादी गंमत सांगायला सांगितली. मी उभा राहून सांगितलं की माझा बाप आजाच्या लग्नात नाचला. वर्ग हसला. वर्गात आमचे कमी आणि इतर जास्त होते असंही नाही, आमचेच जास्त होते, तेही हसले. गुरुजी हसले नाहीत, पण म्हणाले, "असलं बाहेर सांगू नये." तेव्हापासून मी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, आमची लग्नं तुमच्यासारखीच असतात.

त्याच शाळेत स्नेहसंमेलनाला आम्हाला तारपा नाचायला लावायचे. कमरेला पानांचे घागरे, तोंडाला काळे-पांढरे पट्टे. आमच्यात असले घागरे कोणी कधी घातल्याचं माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं. ती एकदा बघायला आली आणि विचारू लागली, "ही कोनची लोकां?" पाहुण्यांना नाच आवडायचा. दहा मिनिटांत संपायचा आणि हाराचा कार्यक्रम सुरू व्हायचा. म्हणजे घरात जे खरं होतं ते बाहेर सांगायचं नाही, आणि जे आमचं नव्हतं ते घालून स्टेजवर नाचायचं. लहानपणी याचा काही अर्थ लागत नसे. पुरीभाजी मिळायची, तेवढं कळायचं.

पुढं तारपा फार मोठा झाला. त्यात चित्रांचा वाटा आहे. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी गंजाडला आले. वारली बायकांना आणि काही पुरुषांना त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा मशे त्यातूनच पुढं आले. लग्नाच्या चौकाचं बंधन कागदाला नव्हतं, त्यामुळं मशांच्या हातून शेतं आली, मासेमारी आली, कणसरीच्या गोष्टी आल्या आणि तारप्याचा तो वेटोळ्यासारखा फेर आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तो फेर साडीवर आहे, कपावर आहे, स्टेशनच्या भिंतीवर आहे. मला त्याचा आनंदच आहे. माझ्या पुतण्याचं घर त्याच्यावर चालतं. मुंबईहून रिसॉर्टला पाहुणे आले की त्याचं पथक तारपा घेऊन जातं, मे महिन्यातसुद्धा. म्हातारा तारपावाला असता तर त्यानं काठी घेतली असती. पण पोटाला महिना नसतो, हे पुतण्याचं म्हणणं मला खोडता येत नाही.

ढोलनाच मात्र कुठंच गेला नाही. मी यावर विचार केला आहे. ढोल दहा मिनिटांत दाखवता येत नाही. त्याला लग्न लागतं, खरोखरचं. त्याला रुसलेला मामा लागतो, ताडी चढलेला काका लागतो, नवरीला उचलताना "पडशील रं" म्हणून ओरडणारी म्हातारी लागते. ते स्टेजवर कसं नेणार? म्हणून बाहेरच्यांना तो दिसला नाही. आणि बाहेरच्यांना जे दिसलं तेवढंच मग प्रश्नावलीच्या उत्तरात आलं, आणि आमची पोरं ते पाठ करून लिहू लागली.

पडताळणीचा कायदा राज्यात २००१ पासून आहे. खोटे दाखले काढून आमच्या जागा लाटणारे होते, आहेत. कोणीतरी तपासलं पाहिजे हे मला मान्य आहे. पण रीतीभाती विचारून माणूस आदिवासी आहे की नाही हे ठरवणं, ज्याला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात, ते फार विचित्र काम आहे. शहरात वाढलेल्या पोराला आपली गाणी येत नाहीत म्हणून तो आपला नाही? मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, जुने कागद महत्त्वाचे. पण आमची अडचण उलटी होती. आमच्याकडं रीत होती, जुने कागद नव्हते. मोठ्या आजाचा एकच कागद कधी काळी होता, तो मालकाच्या पेटीत.

शेवटी तिसऱ्या दिवशी मी पोरीला बसवून हे सगळं सांगितलं. तिला लग्नगडी हा शब्द माहीत नव्हता. शिक्षकाच्या घरात. ती म्हणाली, "मग तू आधी का नाय सांगितलास?" मी काय सांगणार होतो? तिनं पेन्सिलीचं खोडलं आणि पेनानं लिहिलं : 'लग्नात ढोलनाच. नवरा-नवरीला खांद्यावर घेऊन नाचतात. तारपा भात तयार झाल्यापासून दिवाळीपर्यंत.' ओळ पुरली नाही, शेवटचे शब्द तिनं कडेला आडवे लिहिले. दाखला मिळाला, चार महिन्यांनी. त्या रकान्यामुळं मिळाला की तो कोणी वाचलाच नाही, कोण जाणे.

तिचं लग्न २०१७च्या मे महिन्यात झालं. जावई आमच्यातलाच, वाडा तालुक्यातला. पुतण्याच्या मित्राचा डीजे टेम्पोवर चढून आला होता, त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. पोरांनी वर्गणी काढली होती. पहिली रात्र डीजे, दुसरी ढोल, असं ठरलं. खरी पंचाईत धवलेरीची झाली. आमच्या पाड्यावरची वारली होती, शेजारच्या पाड्यावरचीला कमी दिसायचं आणि तिला गाणी अर्धीच आठवायची. तिसऱ्या गावाहून एक डोकरी आणली. तिनं आल्याआल्या चौक बघितला. माझ्या बहिणींनी काढला होता, जरा कागदावरच्या चित्रांसारखा सुबक. तिनं बोटानं एक जागा दाखवली, "फनी कुठं?" फणी राहिली होती. पीठ पुन्हा कालवलं.

दुसऱ्या रात्री ढोल वाजला तेव्हा डीजेवाला पोरगा टेम्पोच्या फळीवर बसून मोबाइलवर शूटिंग करत होता. मी पोरीला उचललं आणि चार पावलं नाचलो, मग गुडघा बोलला, भावानं घेतलं. बाबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं. तो खाटेवर बसून काठीनं ठेका धरत होता. मध्येच उठला आणि म्हणाला, "मलाबी उचला, मी लग्नात खांद्यावर बसलेला हाय." सगळे हसले. डीजेवाल्या पोरानं, अंगानं दांडगा होता, खरंच त्याला उचललं.

सकाळी धवलेरीला मी मोटारसायकलवर सोडायला निघालो. नदीच्या उतारावर तिनं मला खांद्याला धरून थांबवलं. मला वाटलं तिला उतरायचं आहे.

"तुझी धाकली पोशी," ती म्हणाली, "काल माझ्यासंगं गात हुती. भात कापून झाला की धाड तिला माझ्याकडं. महिनाभर ऱ्हाऊ दे."

धाकटी वापीला कंपनीत कामाला आहे. तिला रजा वर्षाला मोजून मिळते. मी म्हटलं, "इचारतो तिला." आणि गाडी पाण्यात घातली.